डबलक्लिक केले की फाइल भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडते: फॉरमॅट न मारता काय करता येईल?

पंचवटी_सेवाकेंद्र

सेवा केंद्रात ४ संगणक आहेत. २ विंडोज १० प्रो, २ विंडोज ११ होम. चारही ठिकाणी दुखणे वेगवेगळे आहे, म्हणून एकाच धाग्यात मांडतो.

संगणक १ (विंडोज ११): पीडीएफ एजमध्ये उघडते. डिजिटल सहीचा सातबारा तपासायचा असतो, त्यामुळे अ‍ॅक्रोबॅट रीडरच हवा. रीडर लावून ठेवला तरी काही दिवसांनी पुन्हा एज.

संगणक २ (विंडोज १०): टीडीएस विवरणपत्राची जार युटिलिटी (जावात बनवून एकाच फाइलीत बांधलेला प्रोग्रॅम) डबलक्लिक केल्यावर विनरारमध्ये (झिपसारख्या फाइली बांधणाऱ्या-सोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडते. आतले फोल्डर दिसतात, प्रोग्रॅम चालू होत नाही. जावा टाकलेले आहे.

संगणक ३ (विंडोज ११): व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेले फोटो ‘जेएफआयएफ’ नावाने येतात. अर्जाच्या पोर्टलवर चढत नाहीत.

संगणक ४ (विंडोज १०): डेस्कटॉपवरचे सगळेच्या सगळे शॉर्टकट नोटपॅडमध्ये उघडतात. क्रोम दाबा, टॅली दाबा, नोटपॅडच येते आणि त्यात कचरा अक्षरे.

दुकानदार म्हणतो चारही फॉरमॅट करा. तेवढी वेळ येऊ नये असे वाटते.

अशोकस्तंभ

चारपैकी एकाही मशीनला फॉरमॅट लागणार नाही. पण ही चार दुखणी वेगळ्या जातीची आहेत, सगळ्यांवर एकच गोळी चालणार नाही.

विंडोज फाइलच्या पोटात काय आहे ते डबलक्लिकच्या वेळी बघत नाही. ते फक्त नावाच्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरे बघते, म्हणजे एक्स्टेन्शन. डब्यावर साखर लिहिले असेल तर आत मीठ असले तरी चहात जाणार. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी कोणत्या तीन गोष्टींपैकी काय बिघडले ते ठरवा: डब्यावरचे नाव चुकले आहे का, नाव आणि प्रोग्रॅम यांची जोडणी चुकली आहे का, की फाइल उघडणारा विंडोज नसून दुसराच कोणी आहे (बहुतेक वेळा ब्राउजर).

आधी एक्स्टेन्शन दिसू द्या. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ टॅबवरच त्याची चौकट आहे. हे बंद ठेवून दुरुस्ती करणे म्हणजे पाटी न वाचता बस पकडणे.

मग फाइलवर उजवी क्लिक, ‘ओपन विथ’, आणि हवा तो प्रोग्रॅम निवडा. त्यात नीट उघडली तर फाइल ठीक आहे, जोडणी बिघडली आहे. त्यातही उघडली नाही तर फाइलच वेगळी आहे किंवा प्रोग्रॅम आजारी आहे, आणि मग डिफॉल्ट (आपोआप उघडणारा प्रोग्रॅम) कितीही बदला, उपयोग नाही.

फाइल नक्की कोणती हे बघायला ती नोटपॅडमध्ये ओढून टाका आणि फक्त पहिली काही अक्षरे वाचा. काही सेव्ह न करता बंद करा. पीडीएफ असेल तर टक्क्याचे चिन्ह आणि लगेच पीडीएफ ही अक्षरे दिसतात. सुरुवातीला ‘पीके’ दिसले तर ती झिप घराण्यातली आहे: झिप, जार, एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल), आणि नव्या धाटणीच्या वर्ड-एक्सेलच्या डॉकएक्स, एक्सएलएसएक्ससुद्धा. (पीके म्हणजे झिप बनवणाऱ्या फिल काट्झची आद्याक्षरे.) कोनी कंसात एचटीएमएल किंवा टेबल दिसले तर ते वेबपान आहे, नाव काहीही असो.

रविवार_कारंजा

+१. वेबपानाचा मुद्दा सेवा केंद्रवाल्यांना रोज लागतो. पोर्टलचे लॉगिन संपलेले असताना ‘डाउनलोड’ दाबले की ‘सातबारा.पीडीएफ’ या नावाने लॉगिनचेच पान उतरते. रीडर म्हणतो फाइल खराब आहे, आणि आपण रीडर काढून पुन्हा टाकत बसतो. साइज बघा. जेमतेम ३-४ केबी असेल तर संशय घ्या आणि वरची नोटपॅडची चाचणी करा. पुन्हा लॉगिन करून उतरवणे हाच उपाय.

तसेच ‘एक्सएलएस’ नावाने येणारी कित्येक स्टेटमेंटे आतून एचटीएमएल तक्ते असतात. एक्सेल सांगते की फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही. फाइल खात्रीच्या ठिकाणची असेल तर ‘येस’ म्हणून उघडा आणि ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये एक्सएलएसएक्स प्रकार निवडून ठेवा. नुसते नाव बदलून एक्सएलएसएक्स केले तर एक्सेल उघडायलाच नकार देईल.

त्र्यंबकनाका

संगणक १ बद्दल.

विंडोज ११: ‘सेटिंग्ज’, ‘अ‍ॅप्स’, ‘डिफॉल्ट अ‍ॅप्स’. वरच्या चौकटीत टिंब देऊन पीडीएफ टाइप करा. खाली एजचे नाव येईल, त्यावर क्लिक करून अ‍ॅक्रोबॅट निवडा, ‘सेट डिफॉल्ट’. विंडोज १० मध्ये त्याच पानाच्या तळाशी ‘चूज डिफॉल्ट अ‍ॅप्स बाय फाइल टाइप’ आहे, लांबलचक यादीत पीडीएफ शोधावे लागते.

उजव्या क्लिकनेही होते, पण तिथे लोक चुकतात. विंडोज ११ मध्ये खाली दोन बटणे असतात, ‘ऑलवेज’ आणि ‘जस्ट वन्स’. यादीतल्या नावावर डबलक्लिक केले तर फाइल उघडते, पण ती त्या वेळेपुरती. नावावर एकदाच क्लिक करा आणि मग ‘ऑलवेज’ दाबा. विंडोज १० मध्ये त्या जागी छोटी चौकट आहे, तिच्यात आधी टीक करायची.

यादीत रीडर नसेल तर ‘चूज अ‍ॅन अ‍ॅप ऑन युवर पीसी’ने फाइल दाखवावी लागते. ६४ बिटचा नवा रीडर असेल तर त्याच्या ईएक्सईचे (प्रोग्रॅम चालू करणाऱ्या फाइलचे) नाव अ‍ॅक्रोबॅट आहे, जुन्या ३२ बिटच्या रीडरसारखे अ‍ॅक्रोआरडी३२ नाही. लोक जुने नाव शोधतात आणि सापडत नाही म्हणून थांबतात.

आता पुन्हा-पुन्हा एजवर का जाते? विंडोज ८ पासून तुमची निवड रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या अंतर्गत नोंदवहीत) ‘यूजरचॉइस’ नावाच्या जागी दोन नोंदींत राहते: प्रोग्रॅमची ओळख आणि तिच्याशी जुळणारा ‘हॅश’ (पडताळणीचा संकेत). बाहेरच्या एखाद्या टूलने ओळख बदलली पण हॅश जुळला नाही, तर विंडोज ती नोंद खोटी समजते, ‘डिफॉल्ट रीसेट केला’ अशी सूचना देते आणि स्वतःचा प्रोग्रॅम लावते. तेव्हा त्या मशीनवर ‘पीसी क्लीनर’, ‘बूस्टर’ छापाचे काही असेल तर ते आधी काढा.

दुसरे म्हणजे मोठ्या अपडेटनंतर येणारे ‘सेटअप पूर्ण करा’ हे निळे पान. त्यात ‘शिफारस केलेली ब्राउजर सेटिंग्ज’ असते, न वाचता पुढे-पुढे केले तर एज पुढे सरकतो. ते पान येऊच नये असे वाटत असेल तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘नोटिफिकेशन्स’, अगदी खाली ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’ आणि तिथल्या टिका काढा.

गंगापूररोड_कॉम्प

एवढे कशाला? अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ए-एस-एस-ओ-सी, एफ-टी-वाय-पी-ई या दोन कमांडने पीडीएफ रीडरला जोडून द्या. बॅच फाइल (कमांडांच्या ओळींची फाइल) करून चारही मशीनवर चालवा, काम संपले.

त्र्यंबकनाका

विंडोज ७ वर संपले असते, भाऊ. ११ वर त्या कमांड चालतात, चूकही दाखवत नाहीत, आणि फाइल तरी एजमध्येच उघडते.

जोडणीचे थर आहेत. त्या दोन कमांड, असॉक आणि एफटाइप, लिहितात ते मशीनच्या कपाटात. ‘यूजरचॉइस’ हा त्या त्या वापरकर्त्याचा खण, आणि त्यात काही असेल तर मशीनच्या कपाटाला कोणी विचारत नाही. शिवाय २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने ‘यूसीपीडी’ नावाचा पहारेकरी ड्रायव्हर आणला आहे. पीडीएफ आणि वेबदुव्यांच्या यूजरचॉइसमध्ये रेजएडिट (रेजिस्ट्री बदलायचे विंडोजचेच टूल), पॉवरशेल, बॅच फाइल यांनी केलेले लिखाण तो अडवतो. म्हणून पीडीएफसाठी सरळ सेटिंग्जच्या पानावरूनच जा.

कमांड निरुपयोगी मात्र नाहीत. खणात काहीच नसेल तेव्हा मशीनचे कपाटच चालते, आणि जारच्या बाबतीत तेच लागणार आहे.

गंगापूररोड_कॉम्प

मान्य. यूसीपीडीचे लक्षात नव्हते.

कॅनडाकॉर्नर_टॅक्स

संगणक २, जार.

विनरार टाकताना एका खिडकीत एक्स्टेन्शनच्या टिकांची रांग असते आणि त्यात जारही असते. तिथून ही जोडणी होते. विनरार उघडा, ‘ऑप्शन्स’, ‘सेटिंग्ज’, ‘इंटिग्रेशन’, जारची टीक काढा.

इथपर्यंत सगळे करतात. पुढची चूकही सगळे करतात: ‘ओपन विथ’मधून जावाच्या बिन फोल्डरमधली जावाडब्ल्यू फाइल दाखवतात. मग ‘मेन क्लास सापडत नाही’ असा निरोप येतो, आणि जावा खराब आहे असे ठरते. जावा ठणठणीत असते. जावाडब्ल्यूला फाइल देताना आधी ‘डॅश जार’ हा शब्द द्यावा लागतो, तरच ती हातातली फाइल म्हणजे चालवायचा संग्रह आहे असे समजते. ओपन विथ तो शब्द घालत नाही.

योग्य जोडणी अशी. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये असॉकने डॉट जारला ‘जारफाइल’ हे नाव द्या. मग एफटाइपने ‘जारफाइल’ला हा क्रम द्या: दुहेरी अवतरणात जावाडब्ल्यूचा पूर्ण पत्ता, जागा, डॅश जार, जागा, दुहेरी अवतरणात टक्का-एक, जागा, टक्का-तारांकित. पत्त्याभोवतीचे अवतरण विसरू नका, ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या नावातच जागा असल्यामुळे अवतरणाशिवाय पत्ता तिथेच तुटतो.

त्यानंतरही विनरार आले तर त्र्यंबकनाका म्हणतात तो खण अडवतो आहे. विन आणि आर दाबून रेजएडिट. एचकी करंट यूजर → सॉफ्टवेअर → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → करंटव्हर्जन → एक्सप्लोरर → फाइलएक्स्ट्स → डॉट जार. तिथल्या ‘यूजरचॉइस’ फोल्डरवर उजवी क्लिक, आधी ‘एक्सपोर्ट’ करून प्रत ठेवा, मग डिलीट. आतली नोंद बदलायला विंडोज परवानगी देत नाही, पण अख्खे फोल्डर डिलीट करू देते. लॉगऑफ करून परत या.

रेजिस्ट्रीची भीती वाटत असेल तर ‘जारफिक्स’ नावाचे लहानसे मोफत टूल नेमके एवढेच काम करते.

आणि विवरणपत्राची मुदत उद्यावर आली असेल तर जोडणीच्या नादी लागूच नका. युटिलिटीच्या फोल्डरमध्ये एक बॅच फाइल करा, पहिल्या ओळीत जावा, डॅश जार, फाइलचे नाव. दुसऱ्या ओळीत पॉज. डबलक्लिक त्या बॅच फाइलवर. फायदा असा की काही बिघडले तर काळ्या खिडकीत चूक वाचता येते. जावाडब्ल्यू गप्प मरते.

युटिलिटी झिपच्या आतूनच चालवू नका. ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करून घ्या, सोबतच्या फाइली शेजारी नसतील तर ती उघडून लगेच बंद होते.

सातपूर_शिफ्ट

संगणक ४ चे काय ते कोणी लिहिले नाही म्हणून. शॉर्टकट म्हणजे ‘एलएनके’ फाइल. एक्स्टेन्शन दाखवा म्हटले तरी विंडोज हे एक कधीच दाखवत नाही, त्यामुळे लोकांना वाटते क्रोम बिघडले, टॅली बिघडले. कोणीतरी शॉर्टकटवर ‘ओपन विथ’ करून नोटपॅड पक्के केलेले असते.

वरचीच जागा, फाइलएक्स्ट्सखाली डॉट एलएनके शोधा, त्यातले ‘यूजरचॉइस’ डिलीट. लॉगऑफ. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. नाही भागले तर एचकी क्लासेस रूटखाली डॉट एलएनके बघा, तिथे डिफॉल्टमध्ये ‘एलएनकेफाइल’ एवढेच हवे.

रेजएडिटचा शॉर्टकट शोधू नका, तोही नोटपॅडमध्येच जाईल. विन-आर वापरा. ती खिडकी ईएक्सईला थेट बोलावते.

ईएक्सईचीच जोडणी तुटली असेल, म्हणजे कोणताही प्रोग्रॅम दाबला तरी पेंट उघडते, तर मात्र विन-आरही अडते. तेव्हा सोपा रस्ता: त्याच संगणकावर दुसऱ्या वापरकर्त्याने लॉगिन करा. बिघाड एका वापरकर्त्याच्या खणात असेल तर दुसरीकडे सगळे नीट चालते, आणि दुखणे कुठे आहे तेही कळते. दुसरीकडेही तेच असेल तर मशीनचे कपाट बिघडले आहे, सिस्टिम रीस्टोअर करून आधीच्या तारखेला जा.

मेनरोड_प्रेस

जेएफआयएफ. ही वेगळी जात नाही, जेपीईजीच आहे, फक्त आडनाव वेगळे. म्हणून नाव बदलून जेपीजी केले की काम झाले, रूपांतर करणाऱ्या वेबसाइटवर ग्राहकाचे आधार कार्ड चढवू नका. फोल्डरमध्ये ढीग असेल तर पत्त्याच्या पट्टीत सी-एम-डी टाइप करून एंटर, मग आर-ई-एन, जागा, तारांकित डॉट जेएफआयएफ, जागा, तारांकित डॉट जेपीजी. शेकडो फोटो क्षणात.

मुळातून बंद करायचे असेल तर रेजएडिट, एचकी क्लासेस रूट → माइम → डेटाबेस → कंटेंट टाइप → इमेज/जेपीईजी. उजवीकडे ‘एक्स्टेन्शन’ची किंमत डॉट जेएफआयएफ असेल, ती डॉट जेपीजी करा. जेपीईजी आले की कोणते आडनाव लावायचे हे ब्राउजर इथे विचारतो. क्रोम बंद करून उघडा.

पण हा खेळ एचईआयसी किंवा वेबपी फोटोंवर करू नका! आयफोनचा एचईआयसी आतून खरोखर वेगळा असतो, नाव बदलून जेपीजी होत नाही. काही व्ह्यूअर तो तरी दाखवतात, मग आपल्याला वाटते जमले, आणि पोर्टल किंवा कोरल (डिझाइनचे सॉफ्टवेअर) नाकारते. विंडोजवर बघण्यासाठी स्टोअरमधून ‘हाइफ इमेज एक्स्टेन्शन्स’ घ्यावे लागते. ग्राहकालाच सांगा: आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, ‘मोस्ट कम्पॅटिबल’. पुढचे फोटो जेपीजी येतील, जुने नाही.

आता माझा प्रश्न. एका मशीनवर कोरल एक्स३ आणि २०१८ दोन्ही आहेत. सीडीआर (कोरलची फाइल) कायम एक्स३ मध्ये उघडते. ओपन विथमधून २०१८ ची ईएक्सई दाखवली तरी यादीत नाव येतच नाही.

सातपूर_शिफ्ट

कारण दोन्हींच्या ईएक्सईचे नाव एकच आहे. ओपन विथची यादी फोल्डर धरून नसते, ईएक्सईच्या नावाने असते. एचकी क्लासेस रूट → अ‍ॅप्लिकेशन्स या जागी त्या नावाचे एकच फोल्डर बसते, आणि त्यात जो पत्ता आधी लिहिला गेला तोच राहतो. तुम्ही २०१८ दाखवता, विंडोज म्हणते हे नाव माझ्याकडे आहे, आणि जुन्या पत्त्यावर जाते.

त्या फोल्डरमध्ये शेल → ओपन → कमांड, तिथे एक्स३ चा पत्ता काढून २०१८ चा पूर्ण पत्ता लिहा, अवतरणे आणि शेवटचे टक्का-एक जसेच्या तसे ठेवा. मग पुन्हा ओपन विथ, ऑलवेज.

एक्स३ म्हणजे आतून १३वी आवृत्ती आणि २०१८ म्हणजे २०वी. नव्यातली सीडीआर जुने उघडणार नाही, ती जोडणीची चूक नव्हे. जुन्या प्रेसला पाठवायची असेल तर ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये ‘व्हर्जन’ खाली आणून द्या.

अंबड_टूलरूम

हीच भानगड आमच्या धंद्यात कॅडला (संगणकावर ड्रॉइंग करण्याच्या सॉफ्टवेअरला) आहे. डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची फाइल) थेट ऑटोकॅडच्या ईएक्सईला जोडू नका. यादीत ‘ऑटोकॅड डीडब्ल्यूजी लाँचर’ असते, ते निवडा. आधीच चालू असलेल्या ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग देण्याचे काम तो लाँचर करतो. ट्रूव्ह्यू हा मोफत व्ह्यूअर नंतर टाकला तर तो जोडणी स्वतःकडे ओढतो, आणि मग ‘ड्रॉइंग एडिट होत नाही’ अशी ओरड सुरू.

‘पीआरटी’चा घोळ त्याहून मोठा. एनएक्स आणि क्रिओ ही दोन कॅड सॉफ्टवेअर. एनएक्सही पीआरटी म्हणते, क्रिओही पीआरटी म्हणते, आणि दोघांच्या फाइली एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या. त्यात क्रिओ प्रत्येक सेव्हला मागे आकडा लावते: ब्रॅकेट डॉट पीआरटी डॉट १, मग डॉट २, मग डॉट ३. विंडोज शेवटच्या टिंबापलीकडचेच बघते, म्हणजे त्याच्या लेखी एक्स्टेन्शन ‘३’. किती आकड्यांना जोडणार? दोन्ही सॉफ्टवेअर असतील तिथे डबलक्लिकची सवय सोडा, पीआरटी एनएक्सला देऊन टाका आणि क्रिओच्या फाइली क्रिओच्या आतून ‘ओपन’ने उघडा. मागचा आकडा हाताने खोडण्याचाही मोह होतो. जुन्या प्रतींची गर्दी कमी करायला क्रिओतच ‘पर्ज’ आहे, ते वापरा.

सीएनसीवाल्यांसाठी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारी यंत्रे) एक ओळ: नोटपॅडमध्ये प्रोग्रॅम दुरुस्त करून ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ ठेवा. नाहीतर एनसी फाइलच्या मागे गुपचूप टीएक्सटी चिकटते, एक्स्टेन्शन लपवलेले असल्यामुळे पडद्यावर नाव बरोबर दिसते, आणि मशीनला फाइल सापडत नाही.

पिंपळगाव_बसवंत

थोडे अवांतर, पण जवळचे. शेतकऱ्यांच्या यादीची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडते, म्हणजे प्रोग्रॅम बरोबरच, पण मराठी नावांचा चुराडा होतो आणि गट क्रमांक बिघडतात.

रविवार_कारंजा

अवांतर कसले, डबलक्लिकचीच करामत आहे. सीएसव्ही म्हणजे निव्वळ मजकूर, त्यात कोणता रकाना कशाचा हे लिहिलेले नसते. डबलक्लिक केले की एक्सेल स्वतःच्या मनाने ठरवते. गट क्रमांक १२/१ ला ते १२ जानेवारी समजते, ४५/२अ मात्र अक्षरामुळे वाचतो. म्हणून यादीतले काही आकडे ठीक आणि काही तारखा, असा विचित्र प्रकार दिसतो. सुरुवातीचे शून्य उडते. १५ पेक्षा जास्त अंकी खाते क्रमांक असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये होतात, आणि सेव्ह केल्यावर ते अंक कायमचे गेले. मूळ सीएसव्हीची प्रत आधी बाजूला काढून ठेवा.

रिकामे एक्सेल उघडा, ‘डेटा’, ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’, फाइल निवडा. वर ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ घ्या, मराठी लगेच सरळ होते. मग ‘लोड’ न दाबता ‘ट्रान्सफॉर्म डेटा’, गट क्रमांक आणि खाते क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा. ‘बदलू का’ विचारले तर ‘रिप्लेस करंट’ म्हणा, कारण आधीची पायरी तशीच राहिली तर १२/१ ची तारीख होऊन मग तिचा मजकूर बनतो.

तपासून पाहायचे एवढेच असेल तर सीएसव्हीची जोडणी नोटपॅडला ठेवलेली बरी.

त्र्यंबकनाका

पीडीएफबद्दल एक राहिले. क्रोममध्ये दुव्यावर क्लिक केल्यावर पीडीएफ क्रोममध्येच उघडत असेल तर विंडोजचे डिफॉल्ट बदलून काही होणार नाही, तिथे विंडोजला कोणी विचारतच नाही. क्रोमच्या ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘अ‍ॅडिशनल कंटेंट सेटिंग्ज’, ‘पीडीएफ डॉक्युमेंट्स’, ‘डाउनलोड’. एजमध्येही ‘पीडीएफ नेहमी डाउनलोड करा’ अशी कळ आहे.

आणि सातबाऱ्याच्या सहीवर रीडरमध्ये पिवळे प्रश्नचिन्ह आले तर ती रीडरची चूक नाही, सही खोटी आहे असेही नाही. मूळ प्रमाणपत्राची ओळख त्या रीडरला करून द्यायची असते. सहीवर उजवी क्लिक, ‘शो सिग्नेचर प्रॉपर्टीज’, ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. डावीकडच्या साखळीत सगळ्यात वरचे ‘सीसीए इंडिया’ निवडा, ‘ट्रस्ट’ टॅब, ‘अ‍ॅड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स’, ओके, मग ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’. हिरवी खूण येते. त्याच मूळ प्रमाणपत्राच्या साखळीतल्या पुढच्या सह्यांना पुन्हा करावे लागत नाही.

कॉलेजरोड_लॅब

४० मशीनच्या लॅबमध्ये प्रत्येकावर हे क्लिक करत बसायचे का?

अशोकस्तंभ

नाही. एक मशीन मनासारखे लावा. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून डी-आय-एस-एम, ऑनलाइन, ‘एक्सपोर्ट डिफॉल्ट अ‍ॅप असोसिएशन्स’ने एक्सएमएल फाइल काढा. ती नोटपॅडमध्ये उघडून लागणाऱ्या ओळीच ठेवा, पीडीएफची, जेपीजीची वगैरे. अख्खी दिली तर जो प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर नाही त्याच्याही ओळी जातात.

त्याच कमांडने ‘इम्पोर्ट’ केले तर ते फक्त नव्याने तयार होणाऱ्या वापरकर्त्यांना लागते, आधीच्या खात्यांना नाही. इथेच लोक ‘कमांड चालली पण काही झाले नाही’ म्हणतात. असलेल्या खात्यांना लावायचे तर ग्रुप पॉलिसी: ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’, ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स’, ‘विंडोज कॉम्पोनंट्स’, ‘फाइल एक्सप्लोरर’, ‘सेट अ डिफॉल्ट असोसिएशन्स कॉन्फिगरेशन फाइल’, आणि तिथे एक्सएमएलचा पत्ता. दर लॉगिनला लागू होते, म्हणजे विद्यार्थ्याने बदलले तरी पुढच्या लॉगिनला परत जाग्यावर. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा संपादकच नसतो.

लिनक्स असेल तर ‘एक्सडीजी-माइम’ ही कमांड, मॅकवर फाइलची ‘गेट इन्फो’ उघडून ‘ओपन विथ’खाली ‘चेंज ऑल’. तिथे एवढे रामायण नाही.

जुने_नाशिक

सगळे योग्य प्रोग्रॅमचे बोलताहेत, मी उलटे सांगतो. काही फाइली मुद्दाम ‘चुकीच्या’ प्रोग्रॅममध्येच उघडाव्यात. जेएस, जेएसई, व्हीबीएस, व्हीबीई, डब्ल्यूएसएफ, एचटीए: स्क्रिप्टची (विंडोज जशीच्या तशी चालवते अशा आज्ञांच्या फाइलींची) ही सहा एक्स्टेन्शन डिफॉल्ट अ‍ॅप्समधून नोटपॅडला देऊन टाका. मेलमधून ‘बिल’ म्हणून आलेली असली फाइल ऑपरेटरने दाबली तर विंडोज ती चालवते. नोटपॅडला जोडलेली असेल तर नुसता मजकूर दिसतो आणि नुकसान टळते. स्वतःचे एखादे सॉफ्टवेअर स्क्रिप्ट वापरत असेल तर ते स्क्रिप्ट-होस्टला (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) नाव घेऊन बोलावते, डबलक्लिकच्या जोडणीवर अवलंबून नसते, त्यामुळे सहसा काही अडत नाही. तरी एका मशीनवर आधी करून पाहा.

‘चलन.पीडीएफ.ईएक्सई’ अशी दोन आडनावांची फाइल एक्स्टेन्शन लपलेले असताना ‘चलन.पीडीएफ’ दिसते. पहिल्या प्रतिसादात एक्स्टेन्शन दाखवा म्हटले त्याचे हेही एक कारण. मोबाइलवर लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलन म्हणून एपीके आली तर ती कशात उघडायची हा प्रश्नच नाही, डिलीट.

आणि २ मशीन अजून विंडोज १० वर आहेत म्हणता. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ग्राहकांची कागदपत्रे हाताळणाऱ्या मशीनवर तेही मनावर घ्या.

पंचवटी_सेवाकेंद्र

निकाल देतो.

संगणक ४: डॉट एलएनकेखालचे यूजरचॉइस काढून लॉगऑफ केले, सगळे शॉर्टकट चालू.

संगणक २: असॉक-एफटाइप केल्यावरही विनरारच येत होते, डॉट जारचे यूजरचॉइस काढल्यावर जावा आले. बॅच फाइलही करून ठेवली.

संगणक ३: रेजिस्ट्रीत डॉट जेएफआयएफच होते, जेपीजी केले. नवे फोटो जेपीजी येतात.

संगणक १: एक ‘बूस्टर’ सापडला, काढला. पीडीएफ रीडरमध्ये उघडते, सहीला हिरवी खूण आली. फक्त फाइलींवर चित्र अजून एजचेच दिसते. जोडणी अर्धवट झाली का?

अशोकस्तंभ

जोडणी झाली आहे, चित्रांचा साठा शिळा आहे. विन-आरमध्ये आय-ई-४-यू-आय-एन-आय-टी डॉट ई-एक्स-ई, जागा, डॅश शो. नाही बदलले तर एकदा रीस्टार्ट.

पंचवटी_सेवाकेंद्र

रीस्टार्टनंतर आले. जेएस वगैरे सहा एक्स्टेन्शन आज संध्याकाळी केंद्र बंद झाल्यावर लावतो, आधी संगणक ३ वर.